नांगर टाकलेलं जहाज

रात्रीचे साडेअकरा. झोप येत नाही, आणि डोक्यात पुन्हा ते 'जग आनंद' जहाज. ऑस्ट्रेलियाचा कोळसा घेऊन जून 2020 मध्ये चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर नांगर टाकला. 23 भारतीय खलाशी. जानेवारी 2021 पर्यंत ना माल उतरवू दिला, ना माणसं. चीनने कोरोनाचे नियम पुढे केले. भांडण कुणाचं, अडकलं कोण!

चीन-ऑस्ट्रेलियाचं भांडण जुनंच. 2018 मध्ये ऑस्ट्रेलियाने फाइव्ह-जीतून हुआवे या चिनी कंपनीला बाहेर ठेवलं. एप्रिल 2020 मध्ये कोरोनाच्या उगमाची स्वतंत्र चौकशी मागितली. मग मे महिन्यात, ऐन पेरणीत, ऑस्ट्रेलियाच्या बार्लीवर चीनचं 80.5 टक्के शुल्क. पुढे वाइन, कोळसा, शेवंड. लोहखनिजाला मात्र हात नाही. त्याच्याशिवाय चीनच्याच पोलादाच्या भट्ट्या थंडावल्या असत्या. राग कसला, चोख हिशेब होता तो.

बार्लीवाले तरले. सौदी अरेबियासारखी गिऱ्हाइकं मिळाली, शिवाय पुढच्या हंगामात दुसरं काही पेरता येतं. द्राक्षवाल्याने काय करावं? वेल लावली की फळ धरायला तीन-चार वर्षं, आणि महागडी रेड वाइन पिणारा नवा देश काही एका रात्रीत सापडत नाही. आधीच जगभर रेड वाइन तुंबलेली, त्यात हे. जुन्या टाक्या भरलेल्या असताना नवी द्राक्षं तोडणीला आलेली. मार्च 2024 मध्ये वाइनवरचं शुल्क उठलं, पण तोवर कित्येकांचा कणा मोडला होता. काहींनी वेलीच उपटल्या. 'पर्यायी बाजारपेठा शोधा' हा सल्ला म्हणूनच माझ्या घशाखाली उतरत नाही.

हुआवेवर माघार घेतली नाही ते बरंच झालं, असं मला अजूनही वाटतं. फक्त बिल फाटलं ते द्राक्षवाल्यांच्या नावावर. आणि याच ऑस्ट्रेलियात 2015 मध्ये डार्विन बंदर 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका चिनी कंपनीला दिलं गेलं होतं, 50.6 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर घेऊन! अमेरिकेचे मरीन सैनिक त्याच गावात येऊन-जाऊन असतात. आता ते बंदर परत घ्यायची खटपट चालू आहे.

'जग आनंद' शेवटी जपानकडे वळलं, खलाशी तिथून घरी गेले. त्या सात महिन्यांत ऑस्ट्रेलियाचंच लोहखनिज भरलेली किती जहाजं त्यांच्या शेजारून बंदरात शिरली असतील? डेकवरून दिसत असतील का?