देवडीवर ओळख पटली, पुढे काय?

पीथमपूरच्या कारखान्यांत आणि इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरील कंपन्यांत मनुष्यबळ विभागाची सॉफ्टवेअर सांभाळणारी तरुण मंडळी भेटली की एक प्रश्न हमखास येतो. “ताई, तुम्ही एचआरमधल्या. ॲप्लिकेशन सिक्युरिटी शिकायची तुम्हाला काय गरज पडली? त्यासाठी आयटीची माणसं आहेत ना?” यामागे दुसरा एक प्रश्न दडलेला असतो, तो म्हणजे सॉफ्टवेअरमधली माहिती भलत्याच्या हाती पडू न देण्याची ही विद्या आम्हालाही शिकावी लागेल का, आणि किती. तुम्ही विचारलंत म्हणून दोन्हींचे उत्तर इथे सविस्तर लिहिते.

काही वर्षांपूर्वी आमच्या कारखान्यात नवी एचआर प्रणाली आली आणि पेस्लिप मोबाइलवर मिळू लागली. दुसऱ्याच महिन्यात एक ऑपरेटर, पंचविशीतला मुलगा, शिफ्ट सुटल्यावर माझ्या टेबलाशी आला आणि त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. पेस्लिप उघडणाऱ्या पत्त्याच्या शेवटी एक क्रमांक होता. त्यातला शेवटचा आकडा त्याने सहज बदलून पाहिला, तेव्हा शेजारच्या लाइनवरील माणसाची पेस्लिप उघडली होती. मूळ वेतन, पीएफची कपात, पतपेढीच्या कर्जाचा हप्ता, बँक खात्याचा क्रमांक, सगळे समोर होते. “मॅडम, माझी पण असंच कोणी बघत असेल,” एवढेच तो म्हणाला.

मी त्याच संध्याकाळी वेंडरला, म्हणजे प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीला, फोन केला. लॉगिन केल्याशिवाय ती लिंक उघडतच नाही, त्यामुळे प्रणाली सुरक्षित आहे, असे उत्तर मिळाले. आमच्या आयटी विभागाने आदल्या महिन्यातच सुरक्षेतले दोष शोधणारा स्वयंचलित स्कॅन चालवला होता आणि त्यात गंभीर असे काही निघाले नव्हते. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते, आणि तरीही एका कामगाराचे कर्ज दुसऱ्याच्या मोबाइलवर दिसत होते. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे समजून घेण्यासाठी मी शिकायला बसले.

रामबागेतल्या ज्या वाड्यात माझे बालपण गेले, तिथे देवडीवर ओळख पटली की माणसाला आत घेत. पण आत आलेला प्रत्येक जण माजघरात जात नसे. दूधवाला चौकापर्यंत, ओळखीचे पाहुणे ओसरीवर, नातेवाईक माजघरात, आणि कोठीच्या खोलीची किल्ली फक्त आजीच्या कनवटीला. ही वाटणी कुठे लिहिलेली नव्हती, परंतु घरातल्या प्रत्येकाला ती माहीत होती. सॉफ्टवेअरमध्ये देवडीवरच्या कामाला ऑथेंटिकेशन म्हणतात आणि कोणी कोणत्या खोलीपर्यंत जावे या वाटणीला ऑथरायझेशन. आमच्या प्रणालीत देवडी भक्कम होती आणि आतल्या पेस्लिपच्या खोलीला दारच नव्हते. पेस्लिप मागणारा माणूस लॉगिन केलेला आहे का, एवढेच सर्व्हर तपासत होता. ही पेस्लिप त्याचीच आहे का, हे तो विचारतच नव्हता.

हा दोष दुर्मीळ मुळीच नाही. वेब ॲप्लिकेशनमधल्या गंभीर धोक्यांची यादी काढणाऱ्या ओवास्प या संस्थेने प्रवेश-नियंत्रणातील त्रुटींना २०१७ च्या यादीत पाचवे स्थान दिले होते आणि २०२१ च्या यादीत पहिले. एपीआयसाठी, म्हणजे एक सॉफ्टवेअर दुसऱ्याकडे ज्या वाटेने माहिती मागते तिच्यासाठी, तिने २०१९ मध्ये आणि २०२३ मध्ये वेगळ्या याद्या काढल्या. त्या दोन्हींत पहिल्या क्रमांकावर नेमका आमच्याकडचाच दोष आहे, म्हणजे एका वस्तूचा क्रमांक बदलून दुसऱ्याची वस्तू मिळणे. भरतीच्या क्षेत्रातले ताजे उदाहरण २०२५ मधले आहे. मॅकडोनाल्ड्सच्या नोकरभरतीसाठी पॅराडॉक्स ही कंपनी चालवत असलेल्या ‘मॅकहायर’ या प्रणालीत इयान कॅरोल आणि सॅम करी या संशोधकांना चाचणीसाठी उघडलेले एक जुने खाते सापडले, ज्याचे वापरकर्तानाव आणि पासवर्ड दोन्ही ‘१२३४५६’ होते. आत गेल्यावर अर्जाचा क्रमांक बदलला की दुसऱ्या उमेदवाराचे नाव, ईमेल, फोन आणि चॅटमधले संभाषण दिसत होते, आणि अर्जांचे क्रमांक ६ कोटी ४० लाखांच्या घरात पोहोचलेले होते.

आता स्कॅनरला हे का दिसले नाही, ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथेच आहे. डेटाबेसची आज्ञा एखाद्या फॉर्मच्या रकान्यातून आत घुसवता येते का, हे यंत्राला तपासता येते, कारण तसे होणे कोणत्याही ॲप्लिकेशनमध्ये चूकच असते. परंतु अमुक माणसाला तमुक माणसाची पेस्लिप दिसणे चूक आहे की बरोबर, हे त्या दोघांचे नाते काय यावर अवलंबून आहे. पेरोलच्या लिपिकाला ती दिसायलाच हवी आणि शेजारच्या ऑपरेटरला दिसता कामा नये. सर्व्हरच्या दृष्टीने दोन्ही वेळा एक लॉगिन केलेला माणूस एक फाइल मागतो आणि ती त्याला नीट मिळते. नाती ज्याला ठाऊक आहेत, त्यालाच इथली चूक ओळखता येते, आणि कंपनीतली नाती ठाऊक असणे हेच तर आपले काम आहे. म्हणून एचआर तंत्रज्ञान सांभाळणाऱ्याने ॲप्लिकेशन सिक्युरिटी शिकावी असे मी म्हणते, तेव्हा त्याने हॅकर व्हावे असे मला म्हणायचे नसते. कोणी काय पाहावे हे त्याने इतके स्पष्ट लिहून द्यावे की डेव्हलपरला ते बांधता येईल आणि टेस्टरला ते मोडून पाहता येईल, इतके तरी त्याला यावे.

हे लिहायला बसा, म्हणजे किती गोष्टी आपण आजवर गृहीत धरल्या होत्या ते कळते. व्यवस्थापकाला आपल्या हाताखालच्या माणसाची रजा मंजूर करायची असते, पण रजेचे वैद्यकीय कारण त्याला दिसावे का? माणसाची बदली झाली की जुन्या व्यवस्थापकाचा अधिकार त्याच दिवशी संपतो, की महिनाअखेरच्या सिंकपर्यंत, म्हणजे दोन प्रणालींतल्या नोंदी जुळवल्या जाईपर्यंत, तो तसाच राहतो? पगारवाढीचे आकडे जाहीर होण्याआधी प्रणालीत भरले जातात, तेव्हा ते फक्त पडद्यावरून लपवलेले असतात की सर्व्हरही ते देण्यास नकार देतो? नुसते बटण लपवणे म्हणजे कोठीच्या दारावर पडदा टाकणे होय. एपीआयला थेट विचारणाऱ्यापुढे तो पडदा टिकत नाही.

लैंगिक छळाच्या तक्रारींचा भाग तर मी कोणत्याही वेंडरच्या ठरीव रचनेवर सोडत नाही. २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ ने तक्रारीतला मजकूर, तक्रारदाराची आणि प्रतिवादीची ओळख आणि चौकशीचा तपशील उघड करण्यास मनाई केली आहे. पण बहुतेक प्रणालींत ‘सिस्टिम ॲडमिन’ नावाची एक भूमिका असते आणि तिला सगळेच दिसते. तक्रार खुद्द ॲडमिनविरुद्धच असली तर? तक्रार एचआर प्रमुखाविरुद्ध असली तर? अशा वेळी ती नोंद अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीच्या सदस्यांखेरीज कोणालाही उघडता येऊ नये आणि ती कोणी उघडली, याची पुसता न येणारी नोंद राहावी, ही मागणी आपणच लिहून द्यावी लागते. डेव्हलपरला ती सुचली नाही तर दोष त्याचा नाही.

नोकरी सोडून गेलेल्यांचा प्रश्नही असाच आपला आहे. खाते बंद झाले म्हणून आपण निश्चिंत होतो, परंतु मोबाइल ॲपमधले जुने सत्र, म्हणजे आधी केलेले लॉगिन, पुढेही चालू राहू शकते. त्याहून वाईट म्हणजे पेरोल आणि बँक यांना जोडणारी ‘एपीआय की’, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली, एखाद्या गेलेल्या माणसाच्या नावे निघालेली असते, आणि ती बंद केली तर पगार अडेल म्हणून कोणी तिला हात लावत नाही. दुसऱ्या बाजूला, त्या माणसाला जूनमध्ये फॉर्म १६ हवा असतो आणि तोवर त्याचा कंपनीचा ईमेल गेलेला असतो. मग कोणीतरी कळवळ्याने ती फाइल खाजगी ईमेलवर पाठवते आणि पासवर्ड म्हणून जन्मतारीख ठेवते. जन्मतारीख हे गुपित नव्हे. आपण तर नोटिस बोर्डावर वाढदिवस लावतो. १८ ते ५८ वयाची माणसे धरली तर सगळ्या मिळून सुमारे १४,६०० तारखा होतात, आणि संगणकाला त्या तपासून पाहायला फारसा वेळ लागत नाही. माजी कर्मचाऱ्यांसाठी मर्यादित हक्कांचे वेगळे पोर्टल आणि मोबाइलवरील ओटीपी, ही सोय करारातच मागून घ्यावी.

भरतीच्या फॉर्मबद्दल थोडे. आपल्या सगळ्या प्रणालीत पूर्णपणे अनोळखी माणसाकडून फाइल आणि मजकूर आत घेणारे दार हेच एक असते. नावाच्या रकान्यात कोणी स्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझर चालवू शकेल असा छोटा प्रोग्रॅम, लिहिली आणि प्रणालीने ती निष्प्रभ न करता तशीच दाखवली, तर ती भरती अधिकाऱ्याच्या ब्राउझरमध्ये, त्याच्या अधिकारांनिशी चालते. उमेदवारांची यादी एक्सेलमध्ये उतरवली आणि एखाद्या रकान्याची सुरुवात ‘=’ या चिन्हाने झाली, तर एक्सेल ते सूत्र समजून चालवू शकते. यावरचे उपाय डेव्हलपरना ठाऊक असतात. ते केले आहेत का, हे आपण विचारायचे.

वेंडर निवडताना आपण माहिती सुरक्षेचे आयएसओ २७००१ प्रमाणपत्र आणि सॉक २ हा लेखापरीक्षण अहवाल पाहतो आणि पुढे जातो. ती पाहावीत, परंतु ती कंपनीच्या कार्यपद्धतीबद्दल बोलतात. तुमच्या पेस्लिपचा एपीआय कोणी तपासला का, याचे उत्तर त्यांत असेलच असे नाही. त्यासाठी पेनिट्रेशन टेस्टचा, म्हणजे परवानगीने हल्ला करून पाहण्याच्या चाचणीचा, अहवाल मागावा, त्यात भूमिका बदलून तपासणी झाली का ते वाचावे, आणि सापडलेले दोष दुरुस्त झाल्यावर झालेल्या फेरतपासणीचा कागदही मागावा. शिवाय वेंडरचा वेंडर कोण, हे विचारावे. २०२३ मध्ये मूव्हइट या फाइल पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एसक्यूएल इंजेक्शनचा, म्हणजे डेटाबेसची आज्ञा बाहेरून आत घुसवता येण्याचा, दोष निघाला. झेलिस ही ब्रिटनमधली पेरोल कंपनी ते वापरत होती, आणि त्यामुळे बीबीसी, ब्रिटिश एअरवेज आणि बूट्स यांच्या कर्मचाऱ्यांची माहिती चोरीला गेली. त्या कर्मचाऱ्यांपैकी किती जणांनी मूव्हइटचे नाव तरी ऐकले असेल?

कायदाही आता आपल्याच दाराशी येतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमानुसार कर्मचाऱ्यांच्या माहितीची जबाबदारी नियोक्त्याची आहे. वेंडर तिच्यावर प्रक्रिया करत असला तरी ती जबाबदारी त्याच्याकडे सरकत नाही, आणि वाजवी सुरक्षा उपाय न केल्याबद्दलचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावी लागते. रविवारी रात्री वेंडरच्या ज्या माणसाला उठवायचे, त्याचा फोन क्रमांक माझ्याकडे कागदावर लिहिलेला आहे, कारण त्या वेळी प्रणाली उघडेलच याची खात्री धरता येत नाही.

किती शिकावे, याचे माझे उत्तर थोडक्यात आहे. कोड वाचता आला नाही तरी चालेल. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात काय देवाणघेवाण होते, सत्र म्हणजे काय, भूमिका आणि हक्क कुठे तपासले जातात, एवढे एखाद्या डेव्हलपरशेजारी दोन-तीन दुपारी बसून समजते. नंतर पुढची यूएटी, म्हणजे प्रणाली स्वीकारण्याआधी वापरणाऱ्यांनी करायची चाचणी, येईल तेव्हा दोन काल्पनिक कर्मचारी तयार करा, खऱ्या पगारांचा डेटा तिथे आणू देऊ नका, आणि एकाच्या लॉगिनमधून दुसऱ्याचे जे जे उघडता येईल ते उघडून पाहा: पेस्लिप, रजा, नॉमिनी, वैद्यकीय दावा, प्रत्येक ठिकाणी क्रमांक बदलून. हे आपल्याच चाचणी प्रणालीवर आणि लेखी परवानगीनेच करायचे. आपल्या यूएटीच्या तक्त्यात ‘हे व्हायला हवे’ अशा ओळी शेकड्यांनी असतात; ‘हे होता कामा नये’ अशा ओळी मी पहिल्यांदा लिहिल्या तेव्हा त्या चाळीस भरल्या, आणि त्यांपैकी सात ठिकाणी दार उघडेच सापडले. तो ऑपरेटर तेव्हा माझ्या शेजारी बसला होता. त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई करावी, अशी सूचना आमच्याकडे आली होती. मी ती फेटाळली आणि चाचणीच्या गटात त्याचे नाव घातले.

त्या तक्त्यातली एक ओळ मात्र अजून रिकामी आहे. बदली होऊन गेलेल्या व्यवस्थापकाला त्याने स्वतः लिहिलेले गेल्या वर्षीचे मूल्यमापन दिसावे का? उत्पादन विभाग म्हणतो, दिसावे, कारण उद्या वाद झाला तर उत्तर त्यालाच द्यावे लागेल. माझे मत असे आहे की त्याला स्वतःचे लिखाण दिसावे, पण त्यावर कर्मचाऱ्याने नंतर नोंदवलेले म्हणणे दिसू नये. पुढच्या मंगळवारी पीथमपूरला याच विषयावर बैठक आहे, आणि वेंडरचा डेव्हलपरही तिला येणार आहे.