पाफुरीच्या वाटेवरची गोरखचिंच

मे महिन्याच्या सुट्टीत मुलुंडच्या आमच्या इमारतीतील दोन कुटुंबे आणि माझी वसईची आत्या असे आम्ही आठ जण दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात एकाच भाड्याच्या गाडीतून नऊ दिवस फिरलो. दक्षिणेच्या क्रोकोडाइल ब्रिज प्रवेशद्वारातून आत शिरायचे आणि थेट उत्तरेच्या पाफुरीपर्यंत जायचे, हा आग्रह माझा होता. सिंह, बिबटे आणि गेंडे दक्षिण भागात लवकर दिसतात, म्हणून पुष्कळ पर्यटक स्कुकुझा आणि लोअर साबीच्या परिसरातूनच परततात; आमच्यातील निम्म्यांचेही मत तसेच होते.

1898 साली साबी नदीकाठी राखीव ठेवलेल्या जंगलातून 1926 साली हे राष्ट्रीय उद्यान आकाराला आले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 19,500 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या अख्ख्या पुणे जिल्ह्याहून जास्त; बोरिवलीचे आपले उद्यान शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास भरते. डांबरी रस्त्यावर ताशी 50 आणि कच्च्या रस्त्यावर 40 किलोमीटरच्या पुढे जाता येत नाही, ठरावीक जागा सोडून गाडीतून खाली उतरता येत नाही आणि संध्याकाळी दरवाजे बंद होण्यापूर्वी मुक्कामाच्या तळावर पोहोचावेच लागते. तिथेही गाडी डावीकडूनच चालवायची असल्यामुळे चालवणाऱ्यांना अडचण आली नाही.

सतारा नावाच्या मुक्कामाच्या तळाच्या अलीकडे एका वळणावर हत्तींचा कळप रस्त्यावरच थांबला होता. दोन पिल्ले रस्त्याच्या मधोमध मातीशी खेळत होती, मागे एक मोठी हत्तीण कान पसरून आमच्याकडे तोंड करून उभी होती. आम्ही गाडी हळूहळू मागे घेतली आणि इंजिन बंद केले. पाऊण तास गेला. दरवाजा बंद होण्याची वेळ जवळ येत असल्यामुळे मनात धाकधूक होती, तरी एरवी घरात दोन मिनिटे शांत न बसणारी आमची मुले त्या पाऊण तासात कुजबुजण्यापलीकडे काही बोलली नाहीत. पिल्लांना पायांशी घेऊन ती हत्तीण झाडीत शिरली, तेव्हा मला सगळ्या कळपाची चाल तिच्या एकटीच्या निर्णयावर कशी चालते ते प्रथमच प्रत्यक्ष दिसले.

लेटाबाच्या तळावर हत्तींवरचे संग्रहालय आहे. तिथले शावू नावाच्या हत्तीचे तीन मीटरहून लांब सुळे पाहिल्यावर मात्र आणखी उत्तरेला जायचे की परतायचे, हा वाद पुन्हा उफाळला. पुढचा सारा प्रदेश मोपाने नावाच्या झाडांचा. आपट्याच्या पानासारखी त्याची पाने दुभंगलेली असतात आणि ऐन उन्हात ती मिटून उभी राहत असल्यामुळे सावलीही नीट पडत नाही. मैलोन्‌मैल तेच झाड, तोच रंग, अधूनमधून एखादा झेब्रा. दोन दिवस गाडीत नाराजी होती, आणि ती चुकीची होती असे मी म्हणणार नाही. मकरवृत्त दाखवणाऱ्या खुणेपाशी फोटो काढले, तेवढाच उत्साह.

पुंडा मारियाच्या तळाच्या पुढे जमिनीचा रंग बदलला आणि एका टेकाडावर राखाडी, अवाढव्य खोडाचे झाड दिसले. ओळखले ते आत्याने. “अगं, ही तर आपल्या किल्ल्यातली गोरखचिंच!” वसईच्या किल्ल्यात ती लहानपणी जिच्याखाली खेळली, ते झाड मूळचे आफ्रिकेचे, हे मी तिला अनेकदा सांगितले होते, पण स्वतःच्या मूळ मुलखात उभे असलेले ते झाड तिने आज पाहिले. खोडाची साल हत्तींनी माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत सोलून काढलेली होती. या झाडाला पुन्हा साल येते, हे कळल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

आम्हाला गाडीतून उतरता आले नाही. आत्याने काच खाली घेतली आणि गाडी निघेपर्यंत ती त्या खोडाकडे पाहत राहिली.