डोक्याच्या गोळ्या आणि हृदयाची धास्ती

यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या माझ्या मामांना अँजिओप्लास्टीनंतर नैराश्यासाठी सर्ट्रालीन सुरू झाले, तेव्हा ‘आधीच हृदयाचे दुखणे, त्यात डोक्याच्या गोळ्या कशाला?’ असा सूर घरात उमटला. ही धास्ती अगदीच निराधार नाही. २०११ साली अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या संशोधकांनी पाचशेहून अधिक जुळ्या पुरुषांची तपासणी केली, तेव्हा नैराश्यावरची औषधे घेणाऱ्यांच्या मानेतील धमनीची भिंत सुमारे ५ टक्के जाड आढळली. मात्र धमनी जाड होणे म्हणजे झटका येणे नव्हे, आणि अशा निरीक्षणातून औषध हेच कारण आहे असेही सिद्ध होत नाही.

मुळात नैराश्य स्वतःच हृदयाला घातक ठरते. नैराश्यातला माणूस रक्तदाबाची गोळी चुकवतो, चालणे सोडतो, तंबाखूचा बार वाढवतो. शिवाय शरीरातील ताणाची संप्रेरके आणि रक्त गोठवणाऱ्या कणिकांचा, म्हणजे प्लेटलेटचा, चिकटपणाही वाढतो. म्हणून गोळी घेणाऱ्यांत झटके अधिक दिसले, तर दोष गोळीचा की ज्या आजारासाठी ती दिली त्याचा, हे वेगळे काढणे फार अवघड असते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, नुकताच झटका येऊन गेलेल्या किंवा छातीत तीव्र कळा येऊन दाखल झालेल्या ३६९ नैराश्यग्रस्त रुग्णांपैकी काहींना सर्ट्रालीन, तर इतरांना औषधविरहित गोळी देण्यात आली. सर्ट्रालीनमुळे हृदयाची पंप करण्याची क्षमता घटली नाही. मामांच्या बाबतीत मला हाच पुरावा अधिक वजनदार वाटतो.

अर्थात सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. अमिट्रिप्टिलीनसारखी जुनी औषधे हृदयाचे ठोके वाढवतात आणि विद्युतवहनात अडथळा आणतात, म्हणून झटक्यानंतर ती सहसा टाळतात. सिटालोप्राम हे नैराश्यावरचे आणखी एक औषध अधिक मात्रेत ठोक्यांची लय बिघडवू शकते. साठीपुढच्यांसाठी दिवसाला २० मिलिग्रॅम ही मर्यादा त्यामुळेच आहे. सर्ट्रालीन त्यामानाने सौम्य असले, तरी रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गोळ्यांच्या जोडीला रक्तस्रावाची शक्यता वाढवते, त्यामुळे शौच काळी होऊ लागल्यास तातडीने सांगावे, असे मामांना बजावलेले आहे. गोळी एकाएकी बंद केल्यास चक्कर, बेचैनी आणि निद्रानाश सुरू होतो, आणि घाबरलेले घर त्यालाच हृदयाचे लक्षण समजून मामांना मध्यरात्री रिक्षात घालून दवाखान्यात नेईल. म्हणून मात्रा कमी करायची झालीच, तर ती डॉक्टरांना विचारून हळूहळूच करायची, असे आम्ही ठरवले आहे.