गिरणीचा पट्टा, सहा तुकडे आणि भरीत

मागच्या नोंदीत मी ठसक्यात लिहून बसले होते की सायट्रान्स, हा नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतातला एक भरधाव प्रकार, म्हणजे मिक्सरच्या भांड्यात राहिलेला चमचा. त्यावर आमच्या मित्रमंडळींतल्या सायट्रान्सवाल्याने फोन करून एकच विचारलं, "ताई, पूर्ण ऐकलेले ट्रॅक किती?" मोजले. चार. चारही दुसऱ्याच्या गाडीत, गोव्याच्या घाटात, मळमळत असताना.

म्हणून हा हिवाळा त्या एका प्रश्नावर घालवला. ठरवलं असं, की कच्चा आवाज एकाच ठिकाणचा घ्यायचा आणि त्यातून या संगीताच्या सहा प्रकारांत दोन-दोन मिनिटांचे तुकडे करायचे: हाउस, टेक्नो, सायट्रान्स, ड्रम अँड बेस, डबस्टेप आणि टू-स्टेप गॅराज. गाणारं कुणी नाही, विकतचे लूप नाहीत. म्हणजे एखादा तुकडा आवडला तर त्याचं श्रेय गोड गळ्याला किंवा महागड्या सिंथेसायझरला देता येणार नाही. माझी आवडनिवड कानाची आहे की कंपूची, एवढंच बघायचं होतं.

भाऊबीज, अमळनेर

आवाज मामांच्या पिठाच्या गिरणीचा. लहानपणी सुट्टीत त्या ओट्यावर बसून पट्ट्याकडे बघत राहायचे. चपट्या पट्ट्याची दोन टोकं जिथे जोडलेली असतात, तो सांधा दर फेरीला चाकावर आपटतो: टप, टप, टप. यंदा पहिल्यांदा त्याच्यावर मोबाइलमध्ये ठोका मोजला आणि हसूच आलं. १२६! म्हणजे मिनिटाला १२६ ठोके, अस्सल हाउसचा वेग. आमच्या मामांना कुणी सांगितलंय हाउसचं माहेर शिकागो?

मग गिऱ्हाईक आलं, दादर ज्वारीचा डबा ओतला, आणि ठोका १२२ वर आला. मोटरवर भार पडला की ती किंचित मागे पडते. हे मी वहीत लिहून ठेवलं, पण रेकॉर्डिंग मात्र सकाळीच उरकून घेतलं होतं, गिऱ्हाईक यायच्या आधी, कारण मागे गप्पा आणि डब्यांचा खणखणाट नको होता. मामा बघत होते. "गिरणीना आवाज कसाले भरी ऱ्हायनी वं माय?" मी म्हटलं, गाणं करतेय. ते "बरं" म्हणाले आणि जातं टाकवायला बसले.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी: पिठाची धूळ माइकचा जीव घेते. मी जुन्या ओढणीचे दोन पदर गुंडाळले आणि रेकॉर्डर गव्हाच्या भरलेल्या पोत्यावर ठेवला, नाहीतर फरशीची थरथर सगळी आत येते. किकसाठी, म्हणजे तालाच्या जड 'धम्'साठी, तेच पोतं तीन वेळा जमिनीवर टाकून घेतलं. तिसऱ्या वेळेला ते फुटलं. मामींनी काही म्हटलं नाही, यातच काय ते समजून घ्या.

नोव्हेंबरअखेर, जळगाव

पहिला आठवडा सूर लावण्यातच गेला. मोटरची घरघर सगळ्या रेकॉर्डिंगखाली पसरलेली. आपली वीज ५० हर्ट्झची आणि मोटर तिच्या दुप्पट गुणगुणते, त्यामुळे घरघर १०० हर्ट्झवर बसते. पेटीवर शोधायला गेलं तर ती पांढरी पाचच्या थोडी वर आणि काळी चारच्या बरीच खाली सापडते. पांढरी पाच त्या सप्तकात ९८ हर्ट्झची. हा मधला सूर कुठल्याही बेसलाइनशी, म्हणजे खालच्या जाड सुरांच्या ओळीशी, भांडतो. घरघर कापून बघितली तर गिरणीचा जीवच गेला, राहिला नुसता टपटपाट. शेवटी उलटं केलं: घरघर तशीच ठेवली आणि सगळे सिंथ तिला जुळवले. पांढरी सहा नेहमी ४४० ला लावतात, ती माझ्याकडे ४४९ ला आहे. सहाही तुकडे याच सुरात.

मग लक्षात आलं की अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची. हाउस आणि टेक्नो जिथे जन्मले त्या शिकागो-डेट्रॉइटच्या घरघरीचा सूर, १२० हर्ट्झचा, काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोब्बर मधोमध पडतो. तिकडच्या पोरांनी तळघरात बसून काय सहन केलं असेल!

हाउसचा तुकडा एका संध्याकाळीत झाला. गिरणीच करते सगळं. प्रत्येक मात्रेवर पोत्याची किक, दुसऱ्या-चौथ्यावर डब्याच्या झाकणाची टाळी, आणि दोन मात्रांच्या मधल्या जागी चाळणीचा 'छस्स'. टेक्नोला १३२ घेतला, टाळी काढली, घरघरीवर फिल्टर लावून तो चार मिनिटं हळूहळू उघडत ठेवला. दोनच मिनिटांचा नियम होता, मोडला. टेक्नोवाल्यांना दोन मिनिटांत काही होत नाही, हे आता मलाही पटलंय.

डिसेंबरचे अकरा दिवस

हे सगळे अकरा दिवस सायट्रान्सचे. १४५ चा वेग म्हणजे एक मात्रा ४१४ मिलिसेकंदांची. तिचे चार भाग करायचे: पहिल्यावर किक, उरलेल्या तिन्हींवर बेस. किक-बेस-बेस-बेस, घोड्याच्या टापांसारखं. प्रत्येक घराला मिळतात जेमतेम १०३ मिलिसेकंद. माझं पोतं मात्र पडल्यावर पाव सेकंद घुमत होतं! शेपूट पहिल्या बेसवर, बेसची शेपूट दुसऱ्यावर, आणि सगळ्याचा मिळून चिखल. मी चमचा-चमचा म्हणून ज्याला हिणवत होते तो दुसऱ्या कुणाचा तरी असाच चिखल असणार, आणि तोही गाडीच्या फाटक्या स्पीकरवर.

शेपूट कापली तर किक पोकळ वाटायची. उपाय सापडला तो असा: पोत्याचा फक्त पहिला 'टक्' ठेवला, आणि खालचं वजन एका साध्या लहरीला दिलं, जी वरून झपकन घसरत खाली येते आणि ९० मिलिसेकंदांत संपते. बेसची प्रत्येक नोट ठरलेल्या एकाच बिंदूपासून सुरू व्हायला हवी. ती दर वेळी लाटेच्या वेगळ्या ठिकाणी सुरू झाली की एक ठोका जाड, एक बारीक येतो. हे कळायला मला चार रात्री लागल्या, कारण मी दोष हेडफोनला देत होते. नव्या हेडफोनचे पैसे वाया, पण ते चांगले आहेत, असू देत.

नवव्या रात्री ते बसलं. आणि बसलं तेव्हा मी खुर्चीत नुसती हलत राहिले, बराच वेळ. आता प्रामाणिकपणे सांगते: सायट्रान्स करायला मला प्रचंड आवडलं. ऐकायला अजूनही वीस मिनिटांच्या वर जमत नाही. म्हणजे मी त्या कंपूत गेले की नाही? सायट्रान्सवाला म्हणतो, "आलीस." मी म्हणते, नाही.

ड्रम अँड बेस हा माझा स्वतःचा प्रांत, त्यामुळे तिथे माज होता. १७४ वर न्यायला मी गिरणीचं रेकॉर्डिंग जुन्या सॅम्पलरच्या पद्धतीने सरळ पळवलं. वेग वाढला तसा सूरही साडेपाच पट्ट्या चढला, आणि मामांच्या गिरणीचं शिवणयंत्र झालं. मग तुकडे करून पुन्हा रचले. १९६९ च्या 'आमेन, ब्रदर' या गाण्यातला जेमतेम सहा-सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा जंगलवाल्यांनी (जंगल म्हणजे ड्रम अँड बेसचा थोरला भाऊ) असाच कापून-कापून एक अख्खं घराणं उभं केलं. माझ्या पट्ट्याला मात्र त्या वादकाची लचक नाही. पट्टा हा पट्टाच, दर फेरीला तेवढाच. माझ्या लाडक्या प्रकारातला माझाच तुकडा सहांत सगळ्यात मरगळलेला झाला.

डबस्टेप १४० वर, स्नेअर (ड्रमचा कडाड ठोका) तिसऱ्या मात्रेवर, त्यामुळे अंगाला ७० वाटतो. घरघर डुलवली की काम झालं. गॅराजला दुसऱ्या-चौथ्या मात्रेची किक काढून टाकली आणि चाळणीला लंगडी चाल दिली. मजा आली, सांगण्यासारखं विशेष नाही.

असोदा, भरीत पार्टी

निकाल शेतात लावायचा ठरलं. हिरवी, पांढरट रेघांची मोठाली वांगी, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेली, सोबत मामांच्याच गिरणीतून दळून आणलेल्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी. आम्ही सहाजण: हाउसवाला, टेक्नोवाला, सायट्रान्सवाला, एक गॅराजवाली मैत्रीण, मी, आणि माझा नवरा, ज्याला हे सगळं एकच वाटतं. चिठ्ठ्यांवर क्रमांक, दहापैकी गुण, नावं सांगायची नाहीत.

प्रयोग पहिल्या दहा सेकंदांतच आपटला. चार ठोके पडले की सगळ्यांना प्रकार कळत होता, आणि गुण त्या नावाला पडत होते. टेक्नोवाल्याने सायट्रान्सला दोन दिले तेव्हा त्याचा पाय माझ्या डोळ्यांदेखत ताल धरून होता. "पाय वेगळा, मी वेगळा," म्हणे.

मग लॅपटॉपवर तिथल्या तिथे सहाही तुकडे १३६ वर आणले आणि पुन्हा लावले. इथून खरी गंमत. हाउस ऐकून टेक्नोवाला म्हणाला, हे तर आमचं. मंदावलेला सायट्रान्स ऐकून सायट्रान्सवाल्याने जाहीर केलं की हा प्रोग्रेसिव्ह साय, वेगळी शाखा, यात मन आहे. ड्रम अँड बेसला गॅराजवाली म्हणाली, हा नव्वदच्या सुरुवातीचा ब्रेकबीट, आणि तोच माझा मरगळलेला तुकडा एकदम छान वाटायला लागला. तिने त्याला नऊ दिले! डबस्टेप चारच ठोक्यांनी खाली आला होता, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. आकडा इकडचा तिकडे केला की नाव बदलतं, आणि नाव बदललं की गुण.

यावरून नेहमीचं भांडण पेटलं. हाउसवाल्याचं म्हणणं, नावं दुकानदारांनी पाडली: शिकागोच्या 'वेअरहाउस' क्लबमध्ये १९७७ पासून डीजे फ्रँकी नकल्स जे लावायचा ते मागत लोक रेकॉर्डच्या दुकानात यायचे, म्हणून 'हाउस'. टेक्नोवाल्याला 'टेक्नो' हे नाव डेट्रॉइटच्या माणसांचंच हवं असतं, पण जगभर ते पसरलं १९८८ मध्ये इंग्लंडात निघालेल्या एका संकलनाच्या नावामुळे, हे त्यालाही माहीत आहे, म्हणून तो चिडतो. मग कुणीतरी मुंबईचे वादक चरणजीत सिंग काढले. ते निघाले की रात्र गेली समजायचं. मुंबईत १९८२ मध्ये त्यांनी रोलँड कंपनीच्या ८०८ (ड्रम मशीन) आणि ३०३ (बेसचा सिंथ) वर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. त्याच ३०३ च्या किंचाळण्याला 'अ‍ॅसिड' हे नाव देणारी शिकागोची रेकॉर्ड आली १९८७ मध्ये. सिंग यांची तबकडी २०१० मध्ये पुन्हा निघाली आणि जग म्हणायला लागलं, अरे, हा तर अ‍ॅसिड हाउस! मग आमच्यात दोन तट: एकाच्या मते मुंबईने पाच वर्षं आधी शोध लावला, दुसऱ्याच्या मते त्यांनी स्वतः त्याला डिस्को म्हटलं तर तो डिस्को. मी दुसऱ्या तटात. वांगं ज्याने भाजलं त्याने त्याला भरीत म्हटलं, तर आपण खाऊन झाल्यावर त्याला अरबी बाबा गनूश का म्हणायचं?

शेंगदाणे भरतात घालावेत की नाही यावर नंतर याहून मोठं भांडण झालं, ते इथे लिहीत नाही.

नवऱ्याने सहाही तुकड्यांना तीन-तीन गुण दिले होते. कारण विचारलं. "हळदीत यावर नाचता येत नाही." सगळे हसले, पण मी घरी येऊन विचार केला तर त्याचं बरोबर आहे. हळदीच्या रात्री डीजे लावतो त्यातली कितीतरी गाणी सहा मात्रांच्या चालीची, डुलत-उसळत जाणारी. आमच्या सहाही प्रकारांत मोजणी चारचीच. तिकडून बघितलं तर आमची ही सहा घराणी म्हणजे एकाच वाड्यातल्या सहा खोल्या. मामांनी दादर दळली, आता मी सहा मात्रांचा दादरा लावून बघायला हवा.

जानेवारी, पुन्हा अमळनेर

फुटलेल्या पोत्याची भरपाई म्हणून संक्रांतीला गेले, तिळगूळ आणि नवं पोतं घेऊन. मामांना हेडफोन लावून हाउसचा तुकडा ऐकवला. अर्धा मिनिट डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, आता विचारतील हे काय आहे.

"हाई ते रिकामी फिरी ऱ्हायनी," म्हणाले. "दाना कोठे शे?"

मी म्हटलं, मामा, सकाळी भरलं होतं, गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी हेडफोन काढले, उठले, खटका दाबला आणि घरची दादर चाडीत ओतली. ठोका खाली आला, १२२. घरघर जाडसर झाली, आणि दगडांच्या मधून एक खरखर यायला लागली, जी दर ठोक्याला किंचित मागे रेंगाळते. दोन महिने मी प्लगइनमध्ये जी लचक शोधत होते ती हीच. रेकॉर्डर नेमका जळगावला राहिलेला.

पुढच्या रविवारी परत जातेय. दादर एकदा, कळणा एकदा, गहू एकदा असं वेगवेगळं भरून घेणार. मामा म्हणाले, बाजरीचा आवाज पण घे, तो निराळा असतो.