तुम्ही विचारलंत म्हणून : दापोलीच का?

ठाणं सोडून दापोलीला राहायला आल्यापासून ओळखीचं कुणीही भेटलं की विचारणा ठरलेली. आम्हालाही शहर सोडायचंय, तुम्ही गाव कसं निवडलंत? काहींच्या हातात तर यादीच असते. वाई, भोर, देवरुख, आजरा, फलटण, दापोली, यातलं कुठलं चांगलं? फोनवर प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदा सगळं सलग लिहून काढते.

घरात ज्याला गाडी चालवता येत नाही, त्याच्या सोयीने गाव निवडा. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळं त्यातूनच येतं.

आमच्या घरात असे तिघे. सासूबाई, पाचवीतली मुलगी आणि तिच्या पाठचा मुलगा. नवऱ्याला लॅपटॉप आणि इंटरनेट मिळालं की झालं. मी छोट्या व्यापाऱ्यांचे हिशोब लिहिते, जीएसटी भरते, म्हणजे जिथे बाजारपेठ तिथे माझं काम. आम्हा दोघांना कुठलंही गाव चाललं असतं. पण ज्यांना कुठेही चालतं त्यांनीच गाव पसंत केलं की काय होतं, ते मी ओळखीतल्या घरांत पाहिलं आहे. बाजारापासून सात-आठ किलोमीटरवर, उतारावर, समोर खाडी दिसेल अशी जागा घेतली जाते. पहिले काही महिने आनंदात जातात. मग मुलांना शाळेत सोडा, आणा, क्लासला न्या, आजीला दवाखान्यात न्या, दूध नासलं तर गाडी काढा, कोथिंबीर राहिली तर गाडी काढा. बहुतेक घरांत हे बाईच्याच वाट्याला येतं. शहरातली दगदग नको म्हणून आलेली बाई दिवसभर स्टिअरिंगमागे असते, आणि आजी हळूहळू बाहेर पडायचंच सोडते, कारण रोज उठून कुणाला तरी "मला सोडतोस का" म्हणायचं तिच्या जिवावर येतं.

आमच्याकडे विषय निघाला तेव्हा आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) म्हणाल्या, "कुठेही न्या, पण तुमच्या गाडीची वाट बघत मला ओटीवर बसवू नका." त्यानंतर निम्मी यादी आपोआप गळाली. खेडं नको, तालुक्याचं गाव हवं, हे तिथेच ठरलं. तालुक्याच्या गावाला तहसील कचेरी असते, एसटीचं आगार असतं, दोन-चार शाळा, बँका, दवाखाने, रोजचा बाजार, आणि हे सगळं साधारण चालत जाता येईल एवढ्या अंतरात.

मुलांच्या बाजूनेही तेच. कोकणातल्या कितीतरी वाड्यांवर आज मुलंच नाहीत. तरणी माणसं मुंबईला, घरं गणपती-शिमग्यापुरती उघडतात, जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळ्या वर्गांचे मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके विद्यार्थी. निसर्ग भरपूर असेल, पण दहा वर्षांच्या मुलीला संध्याकाळी खेळायला दुसरी दहा वर्षांची मुलगी हवी असते. म्हणून गाव बघायला जाल तेव्हा संध्याकाळी पाचला तिथल्या मैदानावर जाऊन उभे राहा. इथल्या आझाद मैदानावर आम्ही गेलो तेव्हा चिखलात दोन वेगवेगळे खेळ एकमेकांत घुसून चालले होते. माझी मुलगी माझा हात सोडून कधी त्यांच्यात गेली ते मला कळलं नाही.

बाकीची गावं वाईट म्हणून सोडली असं समजू नका. वाई मला आजही आवडते. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, मराठी विश्वकोशाचं काम जिथून चालतं ते गाव, त्यामुळे लिहिणारी-वाचणारी माणसं भरपूर. शिवाय सातारा जवळ, मोठं दुखणं निघालं तर हाताशी. पण आम्हाला परवडणारी जी घरं मिळत होती ती पाचगणी-महाबळेश्वरच्या वाहत्या रस्त्याला लागून होती. शनिवार-रविवारी तो रस्ता ओलांडणं आईंना झेपलं नसतं. तुम्हाला आतल्या आळीत घर मिळालं तर जरूर विचार करा.

फलटणला आम्ही गेलो ते शाळेसाठी. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून आल्या, इथलं नागरिकत्व घेऊन फलटणच्याच झाल्या. त्यांनी १९८६ साली सुरू केलेली कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा आहे, आणि मुलांना वाचायला-लिहायला कसं शिकवावं याचा विचार तिथे ज्या बारकाईने झाला आहे तो फार थोड्या ठिकाणी झाला असेल. निव्वळ शाळेसाठी गाव निवडायचं असेल तर मी फलटणच सांगते. आम्ही तिथे गेलो नाही ते आईंमुळे. त्यांचं माहेर गुहागरकडचं. कोरडा उन्हाळा त्यांना मानवत नाही, आणि ताज्या मासळीशिवाय जेवण त्या जेवणात धरत नाहीत.

मग दापोली. समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास उंचीवर, सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर वसलेलं गाव. खाली हर्णै, मुरुड, आंजर्ले ही किनाऱ्यावरची गावं, तिकडचा घामट उकाडा इथे जरा कमी. पण मला सगळ्यात मोलाची वाटली ती वेगळीच गोष्ट. हे गाव बाहेरून आलेल्या माणसांना सरावलेलं आहे. इंग्रजांच्या काळात इथे लष्कराची छावणी होती, म्हणून जुनी माणसं अजून 'काँप दापोली' म्हणतात. पलटणीतून निवृत्त झालेले पेन्शनर इथे घरं करून राहायचे. सुभेदार रामजी आंबेडकर निवृत्तीनंतर कुटुंबासह इथे होते, बाबासाहेबांच्या लहानपणाचा काही काळ इथला. आणि १९७२ पासून इथे कोकण कृषी विद्यापीठ आहे. त्यामुळे विदर्भातले प्राध्यापक, मराठवाड्यातले विद्यार्थी, देशावरचे कर्मचारी यांची ये-जा कायमची. याचा फायदा अगदी रोजच्या व्यवहारात दिसतो. भाड्याने घर मिळतं. "तुम्ही कुणाचे?" हा प्रश्न इथेही येतो, पण "आम्ही ठाण्याचे, इथे राहायला आलोय" या उत्तरावर समोरच्याचं समाधान होतं. मुलीच्या वर्गात परभणीची मुलगी आहे, हर्णैच्या कोळ्यांची आहे, दाभोळच्या कोकणी मुसलमान घरातली आहे. नवीन आली म्हणून कुणी माझ्या मुलीकडे टकामका बघितलं नाही. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या बाहेरचं कुणी आलेलंच नाही, तिथली माणसं मनाने कितीही चांगली असली तरी नवीन घराला रुजायला फार वेळ लागतो. म्हणून बघायला जाल तेव्हा विचारा, इथे बाहेरून आलेले कोण कोण आहेत आणि कशामुळे आलेत.

आता पाऊस. कोकण डिसेंबरात सगळ्यांनाच आवडतं. तुम्ही जुलैत या, आणि हॉटेलात न उतरता कुणाच्या खोलीत चार-आठ दिवस भाड्याने राहा. दापोलीचा पाऊस साडेतीन हजार मिलिमीटरच्या घरातला. आम्हीही जुलैत असेच राहून पाहिलं. बरणीतल्या मिठाला पाणी सुटलं, काडेपेटी पेटेना, दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दमटच, चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी. वीज दिवसातून किती वेळा गेली ते मोजायचं सोडून दिलं. एका सकाळी पाऊस जरा ओसरला तशी आई एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पिशवी घेऊन एकट्याच बाजारात गेल्या. नवरा मागोमाग निघाला होता, मी त्याला थांबवलं. बऱ्याच वेळाने परत आल्या त्या टाकळ्याच्या दोन जुड्या आणि भारंगी या रानभाज्या घेऊन. वाडीवरून आलेल्या बायका रस्त्याच्या कडेला बसतात त्यांच्याकडून घेतलेली. टाकळ्यात घालायला आठळ्याही (फणसाच्या बिया) मागून आणल्या होत्या. मी विचारलं, "कसं वाटलं?" म्हणाल्या, "दोन ठिकाणी जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे. तेवढं टाळून जायचं. बाकी जमेल." घर आम्ही त्या 'जमेल'वर भाड्याने घेतलं.

दवाखान्याचं मात्र स्पष्ट सांगायला हवं. "दवाखाना आहे का?" असं विचारून काही कळत नाही, आहे असंच सगळे सांगतात. "रात्री दोनला छातीत दुखायला लागलं तर तुम्ही कुठे नेता?" असं विचारा, आणि डॉक्टरांबरोबरच औषधाच्या दुकानात आणि रिक्षास्टँडवरही विचारा. दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे, खासगी डॉक्टर चांगले आहेत, ताप, बाळंतपण, मोडलेला हात इथे निभावतो. मोठ्या इलाजासाठी मात्र डेरवणच्या वालावलकर रुग्णालयासारख्या ठिकाणी जावं लागतं, म्हणजे खेड, चिपळूण ओलांडून दोन तासांहून जास्त. आईंना गुडघे आणि रक्तदाब एवढंच आहे, म्हणून आम्ही हे पत्करलं. घरात कुणाची अँजिओप्लास्टी झालेली असेल तर मी दापोली सुचवत नाही, वाई-साताऱ्याकडेच बघा. आणखी एक. फुरसं हा विषारी साप आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात भरपूर. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालणारी लस तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात असते का, हे कोकणातल्या कुठल्याही गावी आधी विचारून घ्या. मुलं अनवाणी पळणार, गवतात शिरणार, ते तुम्ही थांबवू शकणार नाही.

वीज आणि इंटरनेटसाठी आम्ही विचारायचो, "निसर्गच्या वेळी लाइट किती दिवसांनी आली?" ३ जून २०२० ला निसर्ग हे चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि मंडणगड-दापोली तालुक्यांतल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्याबद्दल कुणीही भरभरून बोलतं, आणि बोलता बोलता सगळं कळतं : बाजारपेठेत वीज आधी आली, आडवाटेच्या वाड्या कितीतरी आठवडे अंधारात होत्या, कुणाच्या विहिरीवर पंपाशिवाय रहाट होता, कुणी कुणाला जेवायला घातलं. गावाची माणसं कशी आहेत, हेही त्यातच समजतं. वीज बाजारात लवकर येते हे कळल्यावर गावातच राहायचं हा आमचा निर्णय आणखी पक्का झाला.

पाण्याचं ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. एवढा पाऊस पडून एप्रिल-मेमध्ये टंचाई? हो. जांभा पाणी धरून ठेवत नाही, उतारावरून सगळं समुद्राला मिळतं. घर बघताना मालकाला "विहीर आहे का" विचारू नका, "मे महिन्यात विहिरीला पाणी किती असतं" ते विचारा, आणि तेच शेजाऱ्यालाही विचारा.

खर्च कमी होतो का? घरभाडं कमी, बाहेर खाणं कमी, शाळेची फी बरीच कमी. भाजी मात्र स्वस्त नाही, कारण बरीचशी घाटावरून येते. मासळी चांगली आणि ताजी, पण जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा सुक्यावर भागवायचं. आई मे महिन्यातच सोडे, सुकट, बोंबील भरून ठेवतात. नवऱ्याच्या पगारात फरक पडला नाही, माझं उत्पन्न कमी झालं, कारण इथला दुकानदार ठाण्याइतके पैसे देऊ शकत नाही. पुरतं आम्हाला. तुमचा हप्ता चालू असेल तर आधी तो फेडा.

जागा घ्यायची घाई करू नका. शेतजमीन महाराष्ट्रात शेतकऱ्यालाच घेता येते. कोकणातल्या सातबाऱ्यावर वारसांची ही लांब रांग असते, अर्धे मुंबईत, एखाद-दुसरे परदेशात, आणि एकाचीही सही राहिली तर पुढे कोर्ट. आम्ही अजून भाड्यानेच राहतो. सगळे ऋतू अंगावरून जाऊ द्या, मग बघा.

पुढच्या शिक्षणाचंही तुम्ही हमखास विचारता. पदवीपर्यंतची कॉलेजं गावात आहेत, कृषी शाखेला जायचं असेल तर विद्यापीठच इथे. इंजिनिअरिंग-मेडिकलला जायचं ठरवलं तर मुलगी बाहेर जाईल. तोपर्यंतची वर्षं ती स्वतःच्या सायकलवर शाळेत जाते, वाटेत वाचनालयात थांबते, आईंसाठी फुलपुडी घेऊन येते. मला तिला कुठेही सोडावं लागत नाही. आणि आईंच्या ओळखी आता माझ्यापेक्षा जास्त आहेत. मी बाजारात गेले की कोळीण मला विचारते, "आज आजी नाही आल्या?"

बघायला यायचं असेल तर जरूर या, आमच्याकडेच उतरा. फक्त एवढं करा : जुलै-ऑगस्टात या, एसटीने या, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर आणा. स्टँडपासून आमच्या घरापर्यंत त्यांना चालत येता आलं, तर पुढचं आपण बसून बोलू.