रिपोर्टमध्ये तीन गाद्या, दुखणं एका नसेचं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमाग कारखान्यात मी जॉबर, म्हणजे माग लावणारा-दुरुस्त करणारा, आहे. गेल्या पावसाळ्यात बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा जड रोल, मागावर चढवताना कमरेत चमक भरली. कंबर हळूहळू निवळली, पण कळ उजव्या कुल्ल्यातून पोटरीत उतरली. शिंकलं तरी पायात करंट मारायचा.

एमआरआयमध्ये तीन ठिकाणी दोन मणक्यांमधली गादी बाहेर आल्याचं लिहून आलं. एका दवाखान्यात पायाला हातही न लावता, नुसती फिल्म उजेडात धरून सांगितलं की तिन्ही ठिकाणी स्क्रू टाकून मणके जोडून घ्या. बायको घाबरून गेली. दिवसभर मागाशी वाकणाऱ्या माणसाची कंबरच जखडली तर घर कसं चालायचं?

माझी पुतणी फिजिओथेरपी शिकते. ती म्हणाली, "काका, सही करायच्या आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू या." तिनेच मला २०१५ सालचा एक आढावा समजावून सांगितला. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्या त्यात एकत्र केल्या होत्या. त्या हिशेबाने पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या आणि ६० टक्क्यांच्या फुगलेल्या असतात, आणि तरी त्रास काही नसतो. म्हणजे रिपोर्टमधली प्रत्येक ओळ हा आजार नव्हे.

दुसऱ्या सर्जननी फिल्म बाजूला ठेवली. मला उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला, थोडा वर जाताच कळ आली. चवड्यांवर चालवलं, ते जमलं. टाचांवर चालायला लावलं तर उजवा पाय पुढून खाली पडायला लागला. मग म्हणाले, "अंगठा वर ओढून धरा." त्यांनी एका बोटाने दाबला आणि तो सहज खाली गेला. "चप्पल पायातून निसटते का?" मी बोलायच्या आत बायको म्हणाली, "हो, जिन्यात राहते आणि यांना पत्ताच नसतो."

त्यानंतर त्यांनी फिल्म हातात घेतली. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी उजवीकडे सुटून पाचव्या नसेवर बसली होती, आणि अंगठा उचलणारी नस मुख्यतः तीच. बाकी दोन गाद्यांना हात लावायचं कारण नव्हतं. मला हे लगेच पटलं. कापडात एकच पट्टी खराब येत असेल तर आम्ही अख्खा माग खोलत नाही, त्या पट्टीचे धागे धरून मागे मागे जातो.

पुतणीने विचारलं, "थांबून बघता येणार नाही का?" नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या, म्हणजे कमरेची नस दबून पायात कळ येणाऱ्या, २८३ रुग्णांवर झालेला आणि २००७ साली छापून आलेला अभ्यास तिने वाचला होता. लवकर ऑपरेशन केलेल्यांचा पाय आधी मोकळा झाला, पण वर्षाअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र पुढे ऑपरेशन करावंच लागलं. डॉक्टर म्हणाले, "अभ्यास चांगला आहे, पण पाय लुळा पडलेले रुग्ण त्यात घेतले नव्हते. यांची ताकद दर तपासणीला कमी होतेय." नुसतं दुखणं असतं तर मी नक्की थांबलो असतो, आणि ताकद शाबूत असलेल्यांनी घाई करू नये असंच मी सांगेन. पण लघवी अडकली किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर मात्र सकाळची वाट न बघता त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठायचं, हे त्यांनी आम्हाला दोनदा बजावलं.

स्क्रू एकही लागला नाही. दुर्बिणीखाली लहानशा छेदातून सुटलेला तुकडा तेवढा काढला, उरलेली गादी जागेवर ठेवली. गादीचा तुकडा नस दाबतो हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ साली मांडलं. त्याआधी असे तुकडे गाठ समजून काढले जायचे.

शुद्धीवर आलो तेव्हा पायातली कळ गेलेली होती. अंगठा मात्र तसाच. कळ आधी जाते, ताकद मागून येते, बधिरपणा सगळ्यात शेवटी, असं आधीच सांगितलं होतं म्हणून धीर धरवला. आता टाचांवर चालता येतं, चप्पल पायात राहते. पावलाच्या वरच्या बाजूला अजून थोडं बधिर आहे. कारखान्यात बीमसाठी ट्रॉली आली आहे, आणि तिच्याशिवाय मी कुणालाच बीमला हात लावू देत नाही.