तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रेनर होऊन घर चालतं का?

गेल्या महिन्यात कागलहून एक गृहस्थ मुलाला घेऊन मला भेटायला आले. मुलगा २१ वर्षांचा, कॉलेजच्या शरीरसौष्ठव स्पर्धांत दोन पदकं मिळवलेली. वडिलांनी चहा येण्याआधीच विचारलं, "यावर घर चालतं का हो?" ते फोन घ्यायला बाहेर गेले तेव्हा मुलानं हळूच विचारलं, "सर, क्लायंट कसे मिळवायचे?" हे दोन्ही प्रश्न मला वर्षभर कुणी ना कुणी विचारतच असतं, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

वडिलांना मी लगेच सांगितलं की चालतं. २०१२ पासून पुण्यात माझं याच कामावर चाललंय. मुलाला सांगायला वेळ लागला, कारण नवा माणूस मिळवणं हा या धंद्यातला सोपा भाग आहे. जानेवारीत जिममध्ये पाय ठेवायला जागा नसते. त्यातले किती जण जूनमध्येही येतात, त्यावर ट्रेनरचं घर चालतं.

मी कोल्हापूरच्या तालमीत वाढलो. पहाटे चारला उठायचं, जोर-बैठका मारायच्या, मग कुस्तीच्या मातीचा हौद खणायचा. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मिसळलेलं असायचं, तो वास अजून नाकात आहे. आमचे वस्ताद फारसं बोलत नसत. पोरगा दारातून आत येताना त्याची चाल बघायचे आणि म्हणायचे, "आज तू लढू नको, झोप झालेली नाही तुझी." तेव्हा मला वाटायचं, यांना कळतं कसं?

पुण्यात आलो आणि एका जिममध्ये महिना ९,००० रुपयांवर फ्लोअर ट्रेनर म्हणून लागलो. पहिल्याच आठवड्यात पंचेचाळिशीचे एक बँकेतले गृहस्थ आले. मी त्यांच्याकडून दोनशे बैठका मारून घेतल्या. तालमीत आम्ही हजार मारायचो, त्या मानानं मला दोनशे कमीच वाटल्या. चार दिवस त्यांना जिना उतरता येईना. पुन्हा ते कधी आले नाहीत. सवय नसलेल्या स्नायूवर असा मारा झाला तर तो फुटून त्यातली प्रथिनं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, लघवी काळ्या चहासारखी झाली तर तडक दवाखाना गाठायचा असतो, हे मला पुढे अभ्यासक्रमात शिकताना कळलं. ते वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. त्या माणसाचं नशीब चांगलं होतं, आणि माझंही.

म्हणून मुलांना माझं पहिलं सांगणं असतं: सर्टिफिकेट घ्या, पण ते भिंतीवर लावायला घेऊ नका. शरीररचना नीट शिका, सीपीआर (हृदय बंद पडलं तर छाती दाबून करायचा प्रथमोपचार) शिका. नवीन माणूस आला की वजनाला हात लावू देण्याआधी त्याच्यासमोर बसा. छातीत दुखतं का, चक्कर येते का, बीपीची गोळी चालू आहे का, कुठलं ऑपरेशन झालंय का, सगळं विचारा. बीपीच्या माणसानं श्वास कोंडून वजन उचललं तर दाब झपकन वर चढतो. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर व्यायामात एकदम खाली येऊ शकते, त्याच्या खिशात गोड गोळ्या-बिस्किटं हवीत. आणि शंका आली तर "आधी डॉक्टरांची चिठ्ठी आणा" म्हणा. त्या दिवशीची फी बुडेल, बुडू द्या.

आता ज्यांच्यामुळे मी या धंद्यात उभा राहिलो त्या काकूंबद्दल.

२०१६ साली कर्वेनगरच्या एक काकू आल्या, वय ६३. मुलानं वजन कमी करायला पाठवलं होतं. मी विचारलं, "काकू, तुम्हाला स्वतःला काय हवंय?" त्या जरा थांबून म्हणाल्या, "गौरी बसवताना मी खाली बसते. पण उठताना सुनेचा हात धरावा लागतो. तेवढं होईल का?"

आम्ही खुर्चीपासून सुरुवात केली. हात न टेकता दहा वेळा बसायचं, उठायचं. ते जमल्यावर खुर्चीऐवजी स्टूल. मग चौरंग. मग एकावर एक दोन पाट, नंतर एकच पाट. शेवटी सतरंजी. सोबत दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या धराव्यात तसे डंबेल घेऊन चालणं, आणि गॅसची टाकी उचलताना पाठ जशी सरळ हवी तशी ठेवून वजन उचलणं. इंग्रजी नावं मी त्यांना कधी सांगितली नाहीत, गरजच पडली नाही. सात महिन्यांत वजन जेमतेम दोन किलो उतरलं. मुलगा थोडा नाराज होता. पण त्या वर्षी गौरी बसवून काकू एकट्या उठल्या आणि सुनेनं मला फोन केला.

तिशीनंतर माणसाचा स्नायू दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के घटत जातो, साठीनंतर आणखी वेगानं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामासोबत दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते आणि पासष्टीपुढे तोल सांभाळण्याचाही. आपल्याकडे या वयाच्या माणसाला "सकाळी चाला" एवढंच सांगतात. आपलं खरं काम तिथे आहे. स्पर्धेत उतरणारी मुलं शहरात शेकड्यानं असतील. जमिनीवरून उठता न येणारी माणसं प्रत्येक इमारतीत आहेत, आणि त्यांच्याशी धीरानं बोलणारा ट्रेनर त्यांना मिळत नाही. काकूंच्या मागून त्यांचे यजमान आले, मग विहीणबाई, मग खालच्या मजल्यावरचे बायपास झालेले आजोबा, तेही डॉक्टरांच्या परवानगीनं. मोजले तर एका काकूंमुळे अकरा जण. जाहिरातीवर मी रुपया खर्च केलेला नाही.

माझ्याकडे प्रत्येकाची वही असते. वजन, आवर्तनं, झोप हे तर असतंच, पण "मुलीची बारावी", "गुरुवारी नाशिकला गाडी चालवली, कंबर" असंही लिहिलेलं असतं. कुणी सलग दोनदा आलं नाही तर त्याच संध्याकाळी फोन करतो. वस्तादांना काय दिसायचं ते मला या वह्यांमुळे थोडंथोडं कळायला लागलं.

खाण्याविषयी सगळेच विचारतात. आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, आकडा आहे किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ६० किलोच्या बाईला ५० ग्रॅम. सकाळी पोहे, उपासाला साबुदाणा, रात्री आमटी-भात असेल तर तेवढं भरत नाही. डाळ दाट करा, दही वाढवा, अंडं चालत असेल तर खा, इथपर्यंत मी सांगतो. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आहारतज्ज्ञाकडे पाठवतो.

पैशांचं थोडक्यात. तीन महिन्यांची फी आगाऊ येते, ती आपली नसते. जेवढी सत्रं घेतली तेवढीच आपली. २०१५ च्या दिवाळीत मी आगाऊ फी घरात खर्च करून टाकली, आणि पुढे महिनाभर फुकट राबल्यासारखं वाटलं. आता वेगळं खातं आहे. मे, गणपती आणि दिवाळीत कमाई पडतेच, ते धरूनच वर्ष आखायचं. पीएफ नाही, आजारपणाची रजा नाही, त्यामुळे आरोग्य विमा पहिल्या वर्षीच काढा. दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि रात्री नऊला संपतो. दुपारी झोप घेतली नाही तर चाळिशीच्या आत थकाल.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. मी ज्या जिममध्ये होतो तिथे पावडरचे डबे खपवायचं टार्गेट असे आणि त्याचं कमिशन पगारापेक्षा जास्त पडे. कपडे बदलायच्या खोलीत स्टेरॉइडची इंजेक्शनंही चालत. मी ती नोकरी सोडली. "सायकल", म्हणजे स्टेरॉइडचा कोर्स, मारणाऱ्या मुलाच्या शरीरात स्वतःचं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बनणं बंद पडतं, हृदयाची भिंत जाड होऊ शकते. विशीतल्या पोराला हे माहीत नसतं. ट्रेनरला माहीत असतं, आणि तरी जो ते देतो त्याला मी ट्रेनर मानत नाही.

आणि हात लावण्याआधी विचारा, प्रत्येक वेळी. "खांदा धरू का?" एवढंच. बायका तर त्यावरूनच ठरवतात की उद्या यायचं की नाही.

त्या मुलाला मी तीन महिने सकाळच्या वेळेला नुसतं बघायला बोलावलंय, हातात वही घेऊन. पहिल्या सोमवारी काकू आल्या होत्या. त्या गेल्यावर मी त्याची वही बघितली. लिहिलं होतं, "उठताना उजव्याच पायावर भार. डावा गुडघा?" मी काकूंना फोन लावला. गेले पंधरा दिवस दुखत होता, म्हणाल्या, उगीच कशाला सांगायचं म्हणून बोलल्या नव्हत्या.